शिक्का, अंगठा आणि परवलीचा शब्द

राजसत्तेला आपल्या प्रजाजनांचीं तोंडें ओळखूं येत नाहींत. तिला ओळखतां येतात त्या त्यांच्या खुणा. लक्षावधि लोकांच्या राज्याचा कारभार केवळ तोंडओळखीवर चालणें शक्य नसल्यामुळें सरकारदरबारीं जाणाऱ्या प्रत्येकाला कोणती ना कोणती खूण पुढें करून ‘मी तोच’ असें सिद्ध करावें लागतें. स्वदेशीं राहणाऱ्यास हें फारसें जड जात नाहीं. त्याची खूण हरवलीच तर शेजारी साक्षीस आहेत, शाळेचा दाखला आहे, ओळखीचा तलाठी आहे. आणि यांपैकीं कांहींच नसलें तरी कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून बसण्याची मुभा तर आहेच. परंतु जो परदेशीं गेला त्याला ना शेजारी, ना पायरी. त्याचें आपल्या सरकाराशीं असलेलें सारें नातें त्या एका खुणेवर लोंबकळत असतें.

हा विचार आज घरोघर करण्याजोगा झाला आहे. मस्कत, लंडन, सिडनी, न्यू जर्सी अशा ठिकाणीं मराठी माणसांची वस्ती आहे, आणि त्यांच्यापैकीं पुष्कळांचा येथील सरकाराशीं संबंध सुटलेला नाहीं. घरभाडें किंवा ठेवींचें व्याज येथें मिळतें म्हणून प्राप्तिकराचें विवरणपत्र भरावें लागतें. मुलाकडे राहावयास गेलेल्या निवृत्त वडिलांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. वडिलार्जित जमिनीचा सातबारा पाहावा लागतो. हीं कामें आतां बहुतांशीं इंटरनेटवर होतात. सरकारच्या संकेतस्थळावर आपलें खातें उघडावयाचें, परवलीचा शब्द द्यावयाचा, मोबाईलवर आलेले सहा आंकडे भरावयाचे, कीं दार उघडलें. पण ते आंकडे आलेच नाहींत तर? किंवा ते दुसऱ्याच कोणाच्या हातीं पडले तर? पहिल्या प्रसंगीं मनुष्य आपल्याच घराबाहेर राहतो. दुसऱ्या प्रसंगीं चोर त्याच्या नांवानें घरांत शिरतो. लोक हा प्रश्न यंत्रज्ञांचा समजतात. आमच्या मतें तो मुळांत इतिहासाचा आहे, आणि इतिहासानें त्याचें उत्तरहि बरेंच देऊन ठेविलें आहे.

जुन्या महाराष्ट्रांत वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोत जमवीत, साक्षी घेत आणि निवाड्याचा महजर लिहीत. ज्याला लिहितां येई तो त्यावर सही करी. ज्याला येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, शेट्याचा तराजू अशा त्या निशाण्या असत. तसें पाहिलें तर नांगराचें चित्र कोणीहि काढूं शकेल. पण ती निशाणी चालत असे, कारण ती काढणारा मनुष्य चारचौघांच्या देखत तेथें बसलेला असे. खरी ओळख त्या चारचौघांच्या डोळ्यांत होती. कागदावरचा नांगर ही तिची केवळ आठवण.

जेथें मनुष्य स्वतः हजर नसे तेथें शिक्का लागे. शिवकालीन राजपत्रें पाहिलीं तर शिरोभागीं मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतांच मर्यादेची मुद्रा दिसते. पहिली मुद्रा पत्र कोणाचें तें सांगते. दुसरी त्याचा हुकूम कोठें संपला तें सांगते, म्हणजे तिच्याखालीं कोणा लबाडाला एखादी ओळ घुसडतां येऊं नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज सहज वापरतों. पण त्यांत शिक्का आणि मोर्तब अशा दोन वेगळ्या खुणा आहेत हें आपण विसरलों आहों. ओळख पटणें ही एक गोष्ट आणि संमति देणें ही दुसरी. एकीवरून दुसरी गृहीत धरूं नये, हें शहाणपण त्या जोडशब्दांत सांठविलेलें आहे. पुढें त्याची गरज पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें.

मात्र शिक्क्यांत एक मोठी उणीव होती. तो कागदाची ओळख देई. तो उठविणाऱ्या हाताची देत नसे. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनीं १८३९ सालीं पदच्युत केलें. त्यांच्यावरील आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा एक आरोप होता, आणि त्यासंबंधीं पुढें केलेले कागद व त्यांवरील शिक्के खरे कीं बनावट, हा मोठ्या वादाचा विषय झाला. महाराज काशीस अटकेंत, आणि दाद मागावयाची ती लंडनांत! त्यांचे वकील रंगो बापूजी समुद्र ओलांडून गेले व सुमारें १४ वर्षें तेथें झगडत राहिले. पण कंपनीच्या डायरेक्टरांनीं राजाच्या वकिलांशीं सरळ व्यवहार करण्याचेंच नाकारलें. १८४७ सालीं महाराज काशीसच वारले. राज्य परत मिळालें नाहीं. कारभार दूरच्या सत्तेशीं असला म्हणजे खूण खरी असून भागत नाहीं. ती खरी मानण्याची रीत दोन्ही पक्षांना आधींपासून मान्य असावी लागते. ती रीत एकाच पक्षाच्या मर्जीवर असली तर दूरच्या माणसाचा खरेपणा त्याच्या कामास येत नाहीं. खूण हरवल्यासहि तीच गत. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशन बसलें, तेव्हां पिढ्यान् पिढ्या जमीन खाणाऱ्या कित्येक घराण्यांना सनद दाखवितां आली नाहीं म्हणून इनामास मुकावें लागलें.

आतां कागद बाजूस ठेवून मनुष्यच पुढें उभा राहिला तर प्रश्न सुटतो काय? सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण याचें उत्तर देतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर भाऊसाहेब पडले. परंतु ते जिवंत असल्याच्या वार्ता उठतच राहिल्या. पार्वतीबाईंनीं तर अखेरपर्यंत वैधव्य मानलें नाहीं. अशा स्थितींत उत्तरेकडून एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणत आला. चौकशी झाली, तो कैदेंतहि पडला. तरी १७७६ सालीं सुटून त्यानें कोंकणांत असें बंड माजविलें कीं किल्ले त्याच्या हातीं गेले आणि माणसें त्याला मिळालीं. शेवटीं तो पकडला गेला व पुण्यास त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याला मिळालेले सगळेच लोक लबाड होते असें म्हणवत नाहीं. पंधरा वर्षांपूर्वीं दृष्टीआड झालेल्या माणसाची ओळख चेहऱ्यावर आणि आठवणींवर ठरवावयाची म्हटली म्हणजे चेहरा बदललेला असतो, आणि आठवणी शिकवून तयार करतां येतात. आईचें माहेरचें नांव काय, पहिली शाळा कोणती, असले प्रश्न विचारून खातें उघडून देण्याची जी पद्धति संकेतस्थळांनीं पुष्कळ दिवस वापरली, तिच्यांत हाच तोतयाला उपयोगी पडणारा दोष आहे.

एकोणिसाव्या शतकांत या गोष्टीला निराळें वळण लागलें, आणि तें आपल्याच देशांत लागलें. बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें १८५८ सालीं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून खडीचा करार लिहून घेतला आणि त्यावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा उठविला. पुढें सही नाकारण्याचें त्यास धैर्य होऊं नये, इतकाच त्याचा प्रथम हेतु होता. परंतु वर्षानुवर्षें ठसे जमवितां जमवितां बोटांवरच्या रेषा वयोमानानें बदलत नाहींत हें त्याच्या ध्यानीं आलें. १८७७ सालीं हुगळीचा मॅजिस्ट्रेट असतांना त्यानें दस्तऐवजांवर बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला; आणि विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सरकारी पेन्शनरांचेहि ठसे तो घेऊं लागला. पेन्शनर मरून जावा आणि त्याच्या नांवावर दुसऱ्यानेंच पैसे उचलावे, हा प्रकार त्याला थांबवावयाचा होता. हयातीच्या दाखल्याची हकीकत अशी फार जुनी आहे.

अंगठ्याला मात्र लवकरच दुसरा अर्थ चिकटला. ट्रान्सवालांत १९०६-०७ सालीं हिंदी लोकांवर ठसे देऊन नांव नोंदविण्याची सक्ति झाली, तेव्हां गांधीजींनीं सत्याग्रह आरंभिला. १६ ऑगस्ट १९०८ रोजीं जोहान्सबर्ग येथें नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली. त्याच वर्षीं तडजोडीच्या वेळीं गांधीजी आपण होऊन ठसे देण्यास तयार झाले होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांची हरकत ठशाला नव्हती, सक्तीला होती. तीच खूण प्रजेच्या सोयीसाठीं घेतां येते आणि तिच्यावर पाळत ठेवण्यासाठींहि घेतां येते. हा भेद तेव्हांइतकाच आजहि जागा ठेवला पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत पासपोर्ट सक्तीचा झाला, १९२० सालीं हिंदुस्थानांत त्याचा कायदा झाला, आणि परदेशस्थाच्या खिशांत त्याच्या राज्याची एक छोटी सनद आली. दुसऱ्या देशांत केलेला दस्त आपल्या देशांत चालावा म्हणून १९६१ सालीं हेग येथें करार झाला. ‘अपोस्टिल’ नांवाचें एकच प्रमाणपत्र कागदाला जोडलें कीं तो करारांतील सर्व देशांत चालावा, अशी ती योजना. भारतांत ती १४ जुलै २००५ पासून अमलांत आहे. हा सर्व काळ कागदाचा होता. तो मंद होता, त्रासाचा होता. पण वकिलातींतला अधिकारी पेन्शनराला समोर बसवून त्याच्या हयातीवर सही करी, तेव्हां महजराच्या चारचौघांपैकीं निदान एक तरी जण तेथें उरलेला असे.

संगणकानें तोहि एक जण उठवून लावला. परवलीचा शब्द हा मुळांत पहारेकऱ्यांचा शब्द. रात्रीं छावणींत येणाऱ्याला तो विचारीत, आणि प्रत्यहीं बदलीत. संगणकावर तो प्रथम १९६१ च्या सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या संस्थेंत आला. एकच मोठें यंत्र अनेकांनीं वांटून वापरावयाचें म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र शब्द दिला होता. १९६२ सालींच तेथल्या एका संशोधकानें जास्त वेळ यंत्र मिळावें म्हणून सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली! म्हणजे ही युक्ति जन्मली आणि लगेच फसली. कारण स्पष्ट आहे: जो शब्द आपणांस ठाऊक आणि पहारेकऱ्यासहि ठाऊक, तो पहारेकऱ्याकडून चोरला जाऊं शकतो.

या पेंचांतून वाट निघाली ती १९७६-७७ सालीं. डिफी व हेलमन यांनीं कल्पना मांडली, आणि रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनीं ती गणितानें उभी केली. समजा, असा एक शिक्का आहे कीं त्याचा ठसा खरा कीं खोटा हें कोणासहि पडताळून पाहतां येतें, परंतु ठसा पाहून तसा दुसरा शिक्का कोणासहि कोरतां येत नाहीं. शिक्का धन्याच्या पेटींतून कधीं बाहेर पडत नाहीं; दरबारांत असतें तें केवळ पडताळ्याचें साधन, जें चोरून चोराला कांहींच लाभ नाहीं. संगणकीय सही ती हीच. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें तिला मान्यता दिली.

पुढें २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं पहिला आधार क्रमांक देण्यांत आला. हर्शेलचीं बोटें आणि संगणकाची वही यांचा तो संयोग होता. २०१४ सालीं ‘जीवन प्रमाण’ सुरू झालें, आणि हुगळीच्या मॅजिस्ट्रेटाचा उद्देश १३७ वर्षांनंतर विजेच्या वेगानें सफल होऊं लागला. परंतु २०१६ च्या आधार कायद्यानें ‘रहिवासी’ कोण याची व्याख्या केली ती मागील १२ महिन्यांत १८२ दिवस येथें राहिलेला अशी. भारतीय पासपोर्टावर परदेशीं राहणाऱ्यांना ती मुदत न पाळतां आधार काढण्याची सवलत २०१९ सालीं मिळाली. तीहि स्वदेशीं आल्यावर. ही खूण हजर माणसासाठीं घडविलेली आहे. गैरहजर माणसाची आठवण मागाहून झाली.

आणि त्या गैरहजर माणसाच्या खऱ्या अडचणीला येथूनच आरंभ होतो. सरकारी खात्यांपैकीं पुष्कळांची किल्ली म्हणजे मोबाईलवर येणारे ते सहा आंकडे, आणि मोबाईल नोंदलेला असतो तो बहुधा भारतांतील. परदेशीं गेल्यावर तें सिमकार्ड खणांत पडून राहतें. बराच काळ न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करते व कालांतरानें दुसऱ्या गिऱ्हाइकास देते. म्हणजे आपला शिक्का अनोळखी माणसाच्या घरीं जाऊन बसतो आणि आपणांस त्याचा पत्ता नसतो. कित्येकदां लुच्चा मनुष्य कंपनीस फसवून आपल्याच क्रमांकाचें दुसरें सिमकार्ड काढतो. कांहीं सरकारी संकेतस्थळें परदेशांतून उघडतच नाहींत. मग काय होतें, तें सर्वांस ठाऊक आहे. सिमकार्ड धाकट्या भावाच्या हवालीं होतें, परवलीचा शब्द वहींत लिहून भाच्याकडे जातो, आणि आंकडे आले कीं ते फोनवर वाचून दाखविले जातात. प्रेमाच्या माणसाकडेच हें दिलें जातें यांत संशय नाहीं. पण याचा अर्थ आपण शिक्का आणि मोर्तब दोन्ही दुसऱ्याच्या हातीं दिलीं. तो काय करतो तें सरकारला आपणच केलेलें दिसतें. पुढें वांटणीचा तंटा निघाला तर ‘मीं केलें नाहीं’ असें म्हणण्यास तोंड उरत नाहीं. भावाभावांतला विश्वास टिकावा अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं तो असल्या परीक्षेस लावूं नये.

दुसरें संकट तोतयाचेंच, पण उलटें. पूर्वीं प्रजाजनाचा तोतया दरबारांत येई. आतां दरबाराचाच तोतया प्रजाजनाच्या घरीं येतो. प्राप्तिकराचा परतावा मिळणार आहे, पेन्शन थांबणार आहे, असा निरोप येतो; त्यांतल्या दुव्यावर बोट ठेवलें कीं हुबेहुब सरकारी दिसणारें पान उघडतें आणि आपण आपली खूण आपल्या हातानें त्याच्या स्वाधीन करतों. परदेशस्थ मनुष्य यास लवकर बळी पडतो, कारण खात्री करण्यासाठीं त्याला कचेरींत जातां येत नाहीं, आणि येथील दिवस उजाडतो तेव्हां कित्येकदां तिकडे मध्यरात्र असते.

एस्टोनिया या बाल्टिक समुद्राकांठच्या चिमुकल्या देशानें हा प्रश्न कसा हाताळला तें पाहण्याजोगें आहे. २००२ पासून तेथील नागरिकांस ओळखपत्र मिळतें. त्यांतील चिपेंत ती गुप्त किल्ली असते. पत्राला दोन गुप्त आंकडे असतात. पहिला ओळख पटविण्याचा, दुसरा सही करण्याचा. शिक्का वेगळा, मोर्तब वेगळें! त्या पत्रास टपाल किंवा दूरध्वनि कंपनी यांची गरज नाहीं. त्यामुळें नागरिक कोणत्याहि देशांतून सरकारी काम करूं शकतो, आणि २००५ पासून इंटरनेटवर मतहि देऊं शकतो. २०१७ सालीं चिपेंतील गणितांत दोष आढळला व सुमारें साडेसात लक्ष पत्रांवर त्याची छाया पडली. तेव्हां सरकारनें तें लपविलें नाहीं, जुनीं प्रमाणपत्रें रोखलीं आणि नवीं दिलीं. कोणतीच खूण अमर नसते. ती मोडली तर बदलण्याची रीत आधींच ठरलेली असावी लागते.

मग आपल्या परदेशस्थानें करावें काय? दूर राहणाऱ्याच्या वतीनें दुसऱ्यानें काम करण्याची गरज नवी नाहीं, आणि आपल्या पूर्वजांनीं तिच्यासाठीं शिक्का देऊन टाकण्याची रीत घातली नाहीं. त्यांनीं मुखत्यारपत्राची रीत घातली. मुखत्यारपत्रांत मुखत्याराचें नांव असतें, त्यानें कोणतें काम करावें याची मर्यादा असते, तें रद्द करतां येतें, आणि केलेल्या कामाखालीं सही मुखत्याराची म्हणूनच पडते. भावाला सिमकार्ड देण्यांत यांपैकीं एकहि गोष्ट नाहीं. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर आपला प्रतिनिधि रीतसर नेमण्याची सोय आहे, ती वापरावी. मुदतीच्या आंत पडताळणी व्हावयाची असेल तर आपल्या बँकेच्या मार्गानें, संगणकीय सहीनें किंवा सही केलेला कागद बेंगळुरूस टपालानें पाठवूनहि ती करतां येते; मोबाईल हा एकच दरवाजा नव्हे. भारतांतील क्रमांक ठेवणें असेल तर तो स्वतःजवळ व चालू ठेवावा. जेथें खातें परवानगी देईल तेथें सिमकार्डावांचून फोनमध्येंच आंकडे तयार करणारें साधन घ्यावें, आणि त्याहून बरी म्हणजे फोनच्या पेटींतून बाहेर न पडणारी किल्ली. निरोपांतल्या दुव्यावरून कधीं जाऊं नये. सरकारी पत्ता स्वतः टंकावा. आणि ते सहा आंकडे कोणी मागितले, मग तो स्वतःला अधिकारी म्हणवो कीं भाचा म्हणवो, तर ते देऊं नयेत.

सरकारचेंहि कर्तव्य याहून हलकें नाहीं. रंगो बापूजींचीं १४ वर्षें एका परक्या कंपनीच्या उंबरठ्यावर गेलीं. आपल्या सरकारच्या उंबरठ्यावर आपल्याच नागरिकाला तशी पाळी येऊं नये. म्हणून प्रत्येक खात्याला दुसरा दरवाजा असावा: किल्ली हरवली तर वकिलातींत जाऊन, माणसाच्या डोळ्यांदेखत, ती पुन्हां मिळवितां यावी. सुरक्षितता म्हणजे दार बंद करणें नव्हे. दार खऱ्या धन्याला उघडणें आणि तोतयाला न उघडणें, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच तिला सुरक्षितता म्हणावें. सातासमुद्रांपलीकडे बसलेल्या एखाद्या वृद्ध शिक्षिकेचें पेन्शन पुढच्या महिन्यांत येतें कीं नाहीं, हें ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट केवळ यंत्रज्ञांच्या हवालीं करून चालणार नाहीं. तिचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें, माणूस परदेशीं निघण्यापूर्वींच, घरांत बसून करावा.